लाल म्होरकी

१

त्या दिवशी छावणी जागी झाली ती रतनबाईच्या रडण्यानं. एरवी ही बाई मोठ्यानं बोलायचीही नाही. नवरा गेल्यापासून तिचं सगळं बोलणं एका खिलार गोऱ्ह्याशी, आणि तेही हळू आवाजात. आज दावणीपाशी उकिडवी बसून ती गळा काढून रडत होती, आणि समोर पांढरा गोऱ्हा चारी पाय ताणून पडला होता. त्याच्या डोळ्यांवर माशा बसल्या होत्या आणि पापणी हलत नव्हती.

तिच्या पलीकडे आश्रुबा धनगराचा गोऱ्हा असाच आडवा. त्याच्या पलीकडे हरिबाचा. तिघंही काल संध्याकाळपासून खुंट्याभोवती गोल गोल फिरत होते, उजाडता उजाडता संपले. आणि तिघांच्याही तोंडावर लाल म्होरकी, तोंडाला बांधायची सुती दोरी, होती.

माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडून त्याला भेगा गेल्या, त्याच सालातली ही गोष्ट. ऊस जळाला, कारखान्याचं धुराडं थंड झालं, आणि उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानात दूध संघानं चारा छावणी घातली. माणसं इथंच जेवायची, इथंच निजायची. त्यात महिन्याभरापूर्वी सर्रा शिरला. गोमाशी चावते, रक्तात जंतू सोडते, जनावर तापतं, वाळतं, आणि शेवटी असं फिरत फिरत मरतं.

"लाल म्होरकीचीच मेली," दूध संघाचा चेअरमन विठ्ठलराव गर्दीत उभा राहून म्हणाला. "म्हंजी औषधानंच मारली. त्या सुग्रीवनं सुईतून इख घातलं आपल्या जनावरात."

एवढं पुरे झालं. पोरं धावली, सर्ऱ्यावर नवं औषध टोचून बघायला आलेल्या डॉक्टर सुग्रीव केकान या तरण्या संशोधकाला त्याच्या राहुटीतून ओढून काढलं आणि कारखान्याच्या वजनकाट्याच्या खोलीत कोंडलं. मारलंही असतं, पण आडवे आले सुंदरराव.

सुंदरराव केजच्या ठाण्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेले. आता मिशा पांढऱ्या, गुडघे कामातून गेलेले, पण आवाज अजून सरकारी. त्यांची चंद्री गाय पत्र्याच्या शेडात आजारी जनावरांत बांधलेली होती. आपली पाळी येईल, सुग्रीव औषध देईल, या आशेवर म्हातारा रोज तिच्या कानाला हात लावून ताप बघायचा.

"संध्याकाळी सभा हाय," विठ्ठलराव म्हणाला. "ठराव करतो. औषधाची पेटी मेलेली जनावरं पुरायच्या चुन्याच्या खड्ड्यात, अन् ह्याला पोलिसात. तवर तुमाला काय इचारायचं ते इचारून घ्या, सुंदरराव."

पेटी खड्ड्यात गेली की शेडातलं एकही जनावर वाचणार नव्हतं, चंद्रीसुद्धा. सुंदररावांनी रतनबाईकडे पुन्हा एकदा पाहिलं. एवढं रडत होती बिचारी, पण मेलेल्या गोऱ्ह्याला तिनं अजून हात लावला नव्हता. ही गोष्ट त्यांना काही बरी वाटली नाही.

२

सुंदररावांच्या शब्दावर पोरांनी सूक्ष्मदर्शक आणि मेलेल्या गोऱ्ह्याचं रक्त वजनकाट्याच्या खोलीत आणून दिलं होतं, आणि सुग्रीव त्यावर वाकून बसला होता. कोंडला तरी गडी कामच करत होता. ओठ फुटला होता, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"काका, बघा," तो म्हणाला. "आता मेलेल्या गोऱ्ह्याचं रक्त हाय. रतनबाईच्या."

सुंदररावांनी एक डोळा मिटून पाहिलं. लाल गोळ्यांच्या मधून बारीक धागे वळवळत होते. जनावर मेलं तरी ते जिवंत होते.

"हे मरायला पायजे होते ना रं तुझ्या औषधानं?"

"पायजे होते." सुग्रीव म्हणाला. "सहा वर्षं घातली ह्यात मी. काका, हा जंतू लई पाजी. अंगावर सदरा घालून फिरतो. जनावराचं रक्त तो सदरा वळखायला शिकतं, जंतू मारायला लागतं, ताप उतरतो. तवर ह्यातल्या थोड्यांनी सदरा बदललेला असतो. रक्ताला वळख लागत न्हाई. पुन्हा वाढतात, पुन्हा ताप. असं किती बी वेळा."

"मग मधी ताप उतरला की जनावर कसं दिसतं?"

"चांगलं. खातं, उड्या मारतं. मालकाला वाटतं, बरं झालं."

"अन् तुझं औषध?"

"सदऱ्याच्या नादाला लागतच न्हाई. ह्याच्या अंगावर एक बारीक खळगी असते, तिथनं तो खातो. सदरा कितीबी बदलू दे, खायचं तोंड बदलता येत न्हाई. माझं औषध त्या तोंडाला चिकटतं अन् तिथनंच आत शिरतं. आजवर एकबी जंतू सुटला न्हाई. अन् आज हे." त्यानं डोळे पुसले. "चुकलं असंल माझंच कुठंतरी."

सुंदरराव काट्याच्या लोखंडी फळीवर बसले. त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं. आजारी गोऱ्हे निवडले, चिठ्ठ्या टाकल्या, निम्म्यांना औषध टोचलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे मालकांना सांगायचं नाही, नाहीतर पाणीवाले भांडत बसतील. ओळख म्हणून नव्या सुती म्होरक्या वाटल्या, लाल आणि हिरव्या. कानातल्या बिल्ल्यांवर सुग्रीवचा भरवसा नव्हता. बिल्ल्यावर चारा मिळायचा, त्यामुळे बिल्ले या कानातून त्या कानात जायचे, हे सगळ्या छावणीला ठाऊक होतं.

"लाल म्हंजी औषध, हे कोणाकोणाला सांगितलंतं?"

"कुणालाच न्हाई. माझ्या पोटात होतं. उद्या सगळ्यांचं रक्त बघून मगच सांगणार होतो."

सुंदरराव उठता उठता थांबले. पहाटेच्या गर्दीत ऐकलेलं एक वाक्य त्यांच्या डोक्यात परत वाजलं. त्यांनी फडकं ओलं करून मागून घेतलं आणि बाहेर पडले.

३

ऊन चढलं तशी मैदानावर घारी उतरायला लागल्या. हरिबा आपला गोऱ्हा ओढून घेऊन गेला होता. उरलेले दोन तिथंच होते, वास सुटला होता. सुंदरराव नाकाला धोतराचा सोगा लावून रतनबाईच्या गोऱ्ह्यापाशी वाकले, लाल म्होरकी जरा वर सरकवली आणि नाकाडावरचे पांढरे केस ओल्या फडक्यानं चोळले.

नवी रंगीत दोरी घामानं रंग सोडते. तशी ती सुटलीही होती. केसांवर वर वर तांबूस झाक होती. आणि तिच्याखाली, खोल, हिरवी.

त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि आश्रुबाकडे मोर्चा वळवला. आश्रुबा मेंढरांच्या घोळक्यात बसून चिलीम ओढत होता. सुयांचा त्याला पहिल्यापासून तिटकारा. डॉक्टरच्या पेटीला आग लावीन म्हणून दोनदा ओरडून झालं होतं. छावणीत अर्ध्या लोकांचा संशय त्याच्यावरच होता.

"आश्रुबा, तू तर म्हणायचास, सुईपेक्षा तापल्या सळईचा डाग बरा. मग आपल्या गोऱ्ह्याला डाग कावून दिला न्हाईस?"

आश्रुबाला ते झोंबलं. "दिला न्हाई म्हंजी? मागल्या अमावस्येलाच दिलता की. ताप आला तवाच. उजव्या पुठ्ठ्यावर, चांगला फुलीचा. आमच्या बापजाद्यांचं औषध हाय ते, फौजदारसाहेब."

"फुलीचा."

"व्हय, फुलीचा."

सुंदरराव तसेच आश्रुबाच्या मेलेल्या गोऱ्ह्याकडे गेले. गोऱ्हा डाव्या कुशीवर पडला होता, उजवा पुठ्ठा आभाळाकडे. पांढरा, गुळगुळीत. फुली सोडा, साधा ओरखडा नव्हता.

आश्रुबा मागून बघत होता. आपण काय बोलून बसलो हे त्याला तेव्हा कळलं. चिलीम हातात तशीच राहिली.

"कोणाचा हाय हा गोऱ्हा, आश्रुबा?"

"माझाच," तो म्हणाला, आणि मेंढरांत जाऊन उभा राहिला.

रतनबाई तर त्याच्याही पुढची. सुंदरराव तिच्याशेजारी खाली बसले, पाणी दिलं. "ताई, रडतीस, पण हात लावीत न्हाईस. जित्राबाला निरोप द्यायची ही कुठली रीत?"

तिनं पदर तोंडात धरला. "मला इचारू नका, भाऊ. माझं चाऱ्याचं कार्ड कापतील. चारा बंद झाला तर मी गायीला काय घालू?"

"कोण कापंल?"

तिनं मान फिरवली. पण मान फिरली ती चेअरमनच्या दावणीकडे, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते सुंदररावांनी आयुष्यभर ठाण्यात बघितलं होतं. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसली की माणसाच्या डोळ्यांत तसं येतं.

४

विठ्ठलरावाची दावण म्हणजे छावणीतला राजवाडा. वर हिरवी जाळी, खाली धुतलेली फरशी. चार खिलार गोऱ्हे, चौघांनाही हिरव्या म्होरक्या. त्यातले तिघे अंगावर गोणपाटाची झूल पांघरून उभे, मजेत रवंथ करत होते. चौथा, सुलतान, उघडा होता. तो खात नव्हता.

"एवढ्या उन्हात झूल?" सुंदररावांनी विचारलं.

"माशी बसू ने म्हणून. तुमच्या डॉक्टरनंच सांगितलंतं," विठ्ठलराव हसला. "चहा घ्या. काय सापडलं का?"

"सुलतानला झूल न्हाई घातली?"

"पुरली न्हाई."

सुंदररावांनी सहज गेल्यासारखं करून सुलतानच्या कानाला हात लावला. कान भाजत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. चेअरमनचं सगळं लक्ष म्हाताऱ्याच्या त्या हाताकडे होतं, आणि चहाचा कप धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. सुलतान त्यानं वासराएवढा असल्यापासून स्वतःच्या हातानं वाढवलेला. बायकोपेक्षा त्याच्याशी जास्त बोलतो, अशी लोक चेष्टा करायचे.

राहुटीच्या सावलीत विठ्ठलरावाची आई, छबुबाई, वाखाच्या धाग्यांचं दावं वळत बसली होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण हात थांबत नसत. सुंदरराव तिच्याशेजारी टेकले. विठ्ठलरावाला तेवढ्यात कोणीतरी टँकरच्या भांडणाला बोलावलं म्हणून तो निघून गेला.

"आजी, दावं वळताय? कोणासाठी?"

"घरच्या जित्राबासाठी, बाबा. आणिक कोणासाठी."

"एक इचारू का? जनावर इकलं, बदललं, तर दावं-म्होरकी संगट देता का तुमी?"

म्हातारीचे हात थांबले. असलं वेडगळ कोणी विचारतं का, अशा तोंडानं तिनं पाहिलं. "दावं कुठं देतात व्हय? दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाती. जनावर उघड्या तोंडानं द्यावं, घेणाऱ्यानं आपली म्होरकी घालावी. इठ्ठलला परवा तेच म्हणलं मी. गोऱ्हे दे बाबा कुणाला द्यायचे तर, पण म्होरक्या काढून घे. तो लई शिकलेला, म्हणतो राहू दे. मी रुसून बसले तवा कुठं घेतल्या काढून."

सुंदररावांनी तिच्या पायाला हात लावला. तिला वाटलं, म्हातारा संस्कारी आहे. परतताना त्यांनी मागे वळून पाहिलं, तर सुलतान मान एका अंगाला टाकून पहिली फेरी घ्यायला लागला होता.

५

ऊन कलताना सभा भरली. चुन्याच्या खड्ड्याभोवती सगळी छावणी गोळा झाली. सुग्रीवला दोघांनी दंडाला धरून आणलं. पत्र्याची पांढरी पेटी खड्ड्याच्या काठावर ठेवली. शेडातून आजारी जनावरांचं कण्हणं ऐकू येत होतं, त्यात चंद्रीचा आवाज सुंदररावांना वेगळा कळत होता.

"बोला, सुंदरराव," चेअरमन म्हणाला. "सापडला का गुन्हेगार?"

"सापडला. पण आधी तुमचा ठराव होऊ द्या. पेटी खड्ड्यात टाका. तुमच्याच हातानं टाका."

सुग्रीव ओरडायला गेला, त्याच्या तोंडावर कोणीतरी हात धरला. विठ्ठलराव पुढं आला, पेटी उचलली. सुंदररावांनी काठी त्याच्या दावणीकडं रोखली.

"टाकताना तेवढं तिकडं बघा."

सुलतान खुंट्याभोवती फिरत होता. दावं गुंडाळून आखडलं, मान जमिनीला लागायला आली, तरी फिरतच होता. सगळ्यांना दिसत होतं. विठ्ठलरावालाही दिसलं. पेटी त्याच्या हातात राहिली. तो खड्ड्याकडं बघायचा, सुलतानकडं बघायचा, आणि घाम त्याच्या गळ्यावरून सदऱ्यात उतरत होता.

"टाका की," सुंदरराव म्हणाले. "इख हाय ना त्यात?"

विठ्ठलरावानं पेटी छातीशी धरली.

"बघा रे सगळ्यांनी," सुंदरराव लोकांकडं वळले. "हे औषध लागू पडतं हे ह्या छावणीत सगळ्यात आधी वळखलं ते ह्या माणसानं. डॉक्टरच्याही आधी. हुशार हाय, त्यात वाद न्हाई. लाल म्होरकीवाल्यांचा ताप गेला तो परत आला न्हाई. हिरव्यांचा उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. ह्यानं बघितलं अन् समजला. आपले चारी हिरवे. आपल्याला पाणीच मिळालं. म्हंजी आपली मरणार. म्हणून तर पहाटे, डॉक्टरनं अजून कुणाला रंगाचा अर्थ सांगितला नसताना, हा म्हणला, लाल म्हंजी औषध. कसं रं ठाऊक तुला, इठ्ठलराव?"

विठ्ठलरावानं पेटी आणखी घट्ट आवळली.

"मग ह्यानं काय केलं? आपल्या गोऱ्ह्यांचा ताप उतरलेले दिवस धरले. त्या दिवसांत आजारी जनावर धडधाकट दिसतं. टँकरपाशी सगळी छावणी घागरी घेऊन धावती त्या येळंला तिघांना गाठलं. म्हणला, तुमची हाडं निघालीत, माझी थोराड हायेत, घ्या बदलून. वर दोन पेंढ्या चारा. एकटा सुलतान तेवढा ह्याच्यानं देववला न्हाई. कोण न्हाई म्हणंल? वर दम दिला, बोलाल तर कार्ड कापीन. छावणीत अदलाबदलीला बंदी हाय. कानातले बिल्ले सुद्धा बदलले. पक्कं काम. पण एक चुकलं."

त्यांनी खिशातलं फडकं काढून उलगडलं. एकीकडे तांबूस, एकीकडे हिरवा डाग.

"म्होरक्या. रतनबाईकडं मेलेल्या गोऱ्ह्याच्या नाकाडावर लालखाली हिरवा रंग निघाला, म्हंजी तो आधी हिरव्या म्होरकीत होता. ह्यानं हिरव्या म्होरक्यांसकट गोऱ्हे देऊन टाकले असते, अन् लालवाले लालसकट घेतले असते, तर आज हिरव्या म्होरकीचे तीन मेले असते. लोक म्हणले असते, औषध न मिळालेले गेले, वाईट झालं. डॉक्टरनं उद्या रक्त तपासलं असतं तरी सगळं जागच्या जागी दिसलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण घरची म्होरकी आपण कोणी देत न्हाई. ह्यानं दिली न्हाई, त्या तिघांनीबी न्हाई. ज्यानं त्यानं आपली काढून घेतली अन् नव्या जनावराला घातली. रंग जागेवर राहिले, जनावरं बदलली. तपासणी उद्यावर आली तसा हा घाबरला. म्हणून डॉक्टरलाच खुनी ठरवायला निघाला."

"पुरावा हाय का?" विठ्ठलराव कसाबसा म्हणाला. "दोरीच्या रंगाचं काय सांगता."

"आश्रुबा," सुंदररावांनी हाक मारली. "तुझी फुली ह्याच्या दावणीत शोध जा."

आश्रुबा गर्दीतून बाहेर आला. मग तो जो निघाला तो थेट चेअरमनच्या जाळीखाली शिरला आणि पहिल्या गोऱ्ह्यावरचं गोणपाट ओढून फेकलं. तिथं काही नव्हतं. दुसऱ्यावरचं फेकलं. उजव्या पुठ्ठ्यावर तेल-हळद थापलेली होती. त्यानं पंच्यानं पुसली. खाली फुली होती.

गर्दी सरकली. छबुबाई कुणाच्या तरी खांद्याला धरून उभी होती. "म्या सांगितलंतं म्होरक्या काढून घे म्हणून," ती म्हणाली. "बरं केलं का वाईट केलं, इठ्ठल?"

सुग्रीवला धरलेले हात आपोआप सुटले. तो पुढं आला आणि विठ्ठलरावाच्या छातीपासून पेटी काढून घेतली. लगेच शेडाकडं पळत सुटला, सुंदरराव गुडघे विसरून त्याच्या मागं. चंद्रीला सुई टोचताना म्हाताऱ्यानं तिची मान स्वतः धरली होती, आणि त्याच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

"अन् सुलतान?" सुग्रीवनं विचारलं.

"रांगेत घे. जनावरानं कुणाचं काय केलंय? पण धरायला इठ्ठलरावालाच लाव."

बाहेर रतनबाई अजून मेलेल्या गोऱ्ह्यापाशी होती. आता तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला. लाल म्होरकी हळूच तोंडावरून काढली, झटकली, आणि ती घेऊन सगळ्यांच्या समोरून चेअरमनच्या जाळीखाली गेली. तिसऱ्या गोऱ्ह्यावरचं गोणपाट तिनं काढलं. तो वाळकाच होता, पण त्यानं मान पुढं केली आणि तिच्या पदराचा वास घेतला.

"कार्ड कापीन," विठ्ठलराव म्हणाला. सवयीनं म्हणाला, जोर नव्हता.

"कापा," रतनबाई म्हणाली. हिरवी म्होरकी सोडून तिनं त्याच्या पायाशी टाकली. "ही तुमची. घरात ठिवा."

मग गोऱ्ह्याच्या तोंडावर आपली लाल म्होरकी चढवून ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायला लागली.